२६ म्हणजे किती?

"स्कोअर २६ आलाय, म्हणजे खूप आहे का हो?" पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईने दवाखान्याच्या बाकावर विचारलेला हा प्रश्न मला सोडत नाही.

हा स्कोअर ज्या पट्टीवरचा, ती उन्मादाची (मॅनियाची) तीव्रता मोजणारी पट्टी रॉबर्ट यंग आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडली, प्रौढ रुग्ण समोर ठेवून. अकरा मुद्दे, कमाल गुण ६०. त्यांत चिडचिड, बोलणं, विचारांचा आशय आणि आक्रमक वागणं यांना दुप्पट वजन. मनाला आकडे लावावेत की नाही, हा वाद जुना आहे. मला सलतं ते वेगळंच. मूल किती चिडतं हा एक प्रश्न, एरवीपेक्षा किती वेगळं वागतं हा दुसरा. पट्टीवर पहिल्याचेच गुण मिळतात. वर्षानुवर्षं दारं आपटणारा मुलगाही तिथे भरपूर गुण मिळवतो.

बॉस्टनच्या जोसेफ बीडरमन यांच्या गटाने १९९०च्या दशकात म्हटलं की, मुलांमधला उन्माद बहुधा तीव्र, सततच्या चिडचिडीतूनच दिसतो. हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत मुलांच्या बायपोलर (उन्माद ज्यात येतो त्या आजाराच्या) निदानाच्या बाह्यरुग्ण भेटी १९९४-९५मध्ये लाखामागे २५ होत्या. २००२-०३मध्ये त्या १००३ झाल्या. आठ वर्षांत आजार चाळीसपट होत नाही, त्याची व्याख्या सैल होते. सततच्या चिडचिडीला २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने वेगळं निदान दिलं, ते योग्यच झालं.

झोपेबाबतही असा फरक करावा लागतो. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सकाळी उठता न येणारा मुलगा वेगळा, आणि तीन तास झोपून पहाटे ताजातवाना होऊन सगळं कपाट रिकामं करणारा वेगळा. दुसऱ्याला झोपेची गरजच उरलेली नसते. घरच्यांना हे नेमकं विचारलं, तर ते नेमकं सांगतात.

मग मुलांसाठी ही पट्टी टाकूनच द्यावी का? इथवर आल्यावर मला ती टाकवत नाही. उन्मादावर लिथियम सुरू करून महिना झाला की घरात कालच्या रात्रीचीच आठवण उरते. काल आदळआपट झाली असेल तर औषध वाया, काल शांतता असेल तर मुलगा बरा. बदल पाहायचा तर आधीचं कुठेतरी लिहिलेलं हवं. एकट्या २६ वरून निदान करू नये, पण २६चे १२ झाले तर ते कळायलाच हवं. म्हणजे मूल एरवीपेक्षा किती वेगळं वागतं, हा माझा दुसरा प्रश्नही या पट्टीवाचून सुटत नाही. फक्त ती मुलगा सावरल्यावरही भरून घ्यायला हवी, त्याचं एरवीचं वागणं नोंदवण्यासाठी. गर्दीच्या ओपीडीत त्यासाठी वेळ काढणं अवघड आहे. तो काढावाच लागेल.