गाडी जाते का?

ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी आटोपली की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातला शेतकरी मळणीयंत्रवाल्याला फोन लावतो. समोरचा माणूस पोत्याचा भाव नंतर सांगतो. आधी विचारतो, "गाडी जाते का?" शेत किती लांब आहे, पोचायला किती वेळ लागेल, याची चौकशीही तो करत नाही. परतीचा पाऊस पडून गेलेला असतो आणि सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली वाफाळत असते. सगळा सौदा या तीन शब्दांवर अडलेला असतो.

रस्त्याबद्दलचं खरं शहाणपण मला या तीन शब्दांत दिसतं. रस्ता म्हटला की आपण वेगाचा विचार करतो. इतके तास वाचले, इतक्या मिनिटांत पोचलो. हिंगोलीसारख्या वाढत्या गावाला रस्त्याकडून पहिल्यांदा हवा असतो तो भरवसा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गाडीनं, पाऊस असो वा नसो, पोचता येईल ही खात्री. वेग त्याच्या पाठोपाठ येतो. भरवसा नसताना आलेला वेग फार तर अर्ध्या वाटेपर्यंत उपयोगी पडतो.

हिंगोलीचा इतिहासही हेच सांगतो. निजामाच्या राज्यात इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. आजही गावातले पत्ते तोफखाना, रिसाला, पलटण, पेन्शनपुरा असेच सांगितले जातात. फौज ठेवायची म्हणजे दाणापाणी बाराही महिने पोचलं पाहिजे, तोफा हलल्या पाहिजेत. म्हणून छावणीला वाटा मिळाल्या. 1903 साली छावणी उठली. मागे कापसाचा बाजार उरला, आणि 1912 साली पूर्णेहून रेल्वे हिंगोलीपर्यंत आली. पुढे मात्र रूळ नव्हते. हिंगोली कितीतरी वर्षं शेवटचं स्टेशन राहिलं. शेवटच्या स्टेशनावर माल चढतो, पण वाटसरू थांबत नाही. स्वातंत्र्यानंतर रूळ अकोल्याकडे जोडले गेले तेव्हा कुठे हिंगोली वाटेवरचं गाव झालं. तरी ती मीटरगेज होती. पूर्णा-अकोला ब्रॉडगेज 2008 साली सुरू झाली आणि मोठ्या जाळ्यातून गाडी न बदलता इथवर येता यायला लागलं. गाडी बदलावी न लागणं हाही भरवशाचाच एक प्रकार. जिथे गाडी बदलावी लागते तिथे एखाद्या वेळी ती चुकतेही.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा एका दिवसात होतो, त्याचे रस्ते होत नाहीत. जुने रस्ते परभणीच्या दिशेने रुळलेले होते, कारण कचेरी तिथे होती. आता हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या माणसाला हिंगोलीला येणं भाग पडलं. वसमतच्या माणसाचा जीव नांदेड-परभणीकडे ओढतो, पण दाखला, तारीख, सुनावणी हिंगोलीला. ज्या रस्त्याने वर्षातून दोनदा जायचं त्याच रस्त्याने आता महिन्यातून चारदा जायची पाळी आली. गाव वाढलं असं आपण म्हणतो ते बऱ्याच अंशी या फेऱ्यांमुळे. फेऱ्या वाढल्या की खाणावळ, झेरॉक्सचं दुकान, औषधांचं दुकान, शिकवणी या सगळ्या गोष्टी आपोआप मागे येतात.

भरवसा ही साखळीतली वस्तू आहे, आणि साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पक्की. कळमनुरीकडची हळद घ्या. कंद खणून काढायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे, ढोलात घालून पॉलिश करायचे आणि मग कट्टे भरून हिंगोलीच्या बाजार समितीतल्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात बिटासाठी न्यायचे. वाटेत प्रथम शेतातली पाणंद लागते, मग गावरस्ता, मग जिल्हा मार्ग, मग अकोल्याहून वाशीम, हिंगोली, वारंगा फाटा, नांदेड करत तेलंगणात संगारेड्डीकडे जाणारा 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि शेवटी शहरातला रस्ता. पाणंद महसूल खात्याच्या नकाशावर असते. गावरस्ता जिल्हा परिषदेचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महामार्ग केंद्राचा, शहरातला नगर परिषदेचा. माल एक, ट्रॅक्टर एक, मालक पाच. महामार्ग चौपदरी झाला ही मोठीच गोष्ट, पण वळवाच्या पावसात पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर चाक रुतलं तर पुढच्या चार पदरांचा त्या दिवशी काही उपयोग नाही. मे-जूनमध्ये हळद विकायला काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वाळलेलं हळकुंड भिजलं की भाव पडतो. म्हणून कितीतरी जण दारात आलेल्या व्यापाऱ्याला, खेडा खरेदीत, पडेल भावानं माल देऊन मोकळे होतात. बाजारभाव आणि दारातला भाव यांतला फरक ही बेभरवशाच्या रस्त्याची पट्टी. ती दरवर्षी भरली जाते, पण तिची पावती कुठल्याच खात्यात निघत नाही.

मग भरवसा बनतो कशाचा? डांबराचा, असं आपल्याला वाटतं, कारण ते दिसतं. खरी गोष्ट खाली असते. हा काळ्या मातीचा मुलूख. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच चालीमुळे. रस्ता या मातीवर बसवला की तोही तिच्याबरोबर श्वास घेतो. मधल्या भागावर डांबराचं छप्पर असतं, म्हणून तिथली माती सहसा कोरडी राहते. कडेची माती मात्र पाऊस पिते आणि उन्हात सुकते. म्हणून आपल्याकडचा रस्ता बहुधा कडेनं, लांबीच्या दिशेनं चिरतो. मग साइडपट्टी खचते आणि समोरून ट्रक आला की दुचाकीवाल्याला खाली उतरायला जागा राहत नाही. उपाय जुनेच आहेत. काळी माती खोलवर काढून मुरूम भरायचा, किंवा तिच्यात चुना मिसळून तिची फुगण्याची खोड मोडायची. रस्ता मधे उंच ठेवून दोन्हीकडे उतार द्यायचा. कडेला नाली काढायची, ओढ्यावर मोरी घालायची. थोडक्यात, पाणी रस्त्याजवळ थांबू द्यायचं नाही.

हे किती सहज बिघडतं ते एखाद्या गावरस्त्यावर चालत गेलं की कळतं. नवा रस्ता होतो, कडेला नाली निघते. ज्याचं शेत लागून आहे त्याला बैलगाडी आत न्यायची असते. पाइप घालून वर माती टाकायची, तर पाइप विकत आणावा लागतो. म्हणून तो चार घमेली माती नालीत ओततो आणि रस्ता करून घेतो. त्याची चूक एवढीच की त्याला शेतात जायचं होतं. पुढच्या पावसात पाणी त्या बांधापाशी अडतं, कडेच्या मातीत मुरतं आणि दिवाळीपर्यंत नेमकी तिथेच रस्त्याची कड बसते. लोक कंत्राटदाराला बोल लावतात. कधी तो बोल योग्य असतो, कधी दोष त्या चार घमेल्यांचा असतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक शेताच्या तोंडाशी एक पाइप आधीच धरला असता तर दोघेही सुटले असते.

पाणंदीचं दुखणं आणखी जुनं. गावच्या नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायमार्ग एका तुटक रेषेनं. नकाशावर रेषा तुटक असते, जमिनीवर कधीकधी ती नसतेच, कारण दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकलेले असतात. बांधावरून वाट मागायची तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंदी बांधण्याची सोय झाली. कायदा आहे, योजना आहे. पण पाणंदीचा निम्मा खर्च मुरूम-खडीचा असेल, तर निम्मा भावकीच्या समजुतीचा. तो कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

वेग आणि भरवसा यांतला फरक मोठ्या रस्त्यांनाही लागू पडतो. वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणाऱ्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गात औंढा नागनाथ जोडायचं आहे, आणि वाटेतल्या अनेक जिल्ह्यांत त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे. द्रुतगती मार्गाला कुठेही चढता-उतरता येत नाही. त्याचा वेग त्यातूनच येतो. लांबून औंढ्याला येणाऱ्या भाविकाला तो वेग मिळेल. पण ज्याचं शेत अलीकडे आणि विहीर पलीकडे, त्याची रोजची फेरी भुयारी मोरी कुठे ठेवली यावर ठरेल. जमिनीच्या मोबदल्याइतकाच हाही प्रश्न त्याच्या मनात असतो, आणि तो रास्त आहे.

या जिल्ह्यात अशीही एक जागा आहे जिला रस्ता हवा आहे आणि रहदारी नको आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन हात प्रत्येकी 4 किलोमीटर लांब असतील आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडला तर तो मोजायचा आहे. जवळून जाणाऱ्या जड ट्रकची थरथरही तिथे अडथळा ठरते, म्हणून शांत जमीन शोधत लोक इथवर आले. सामान आणायला पक्की वाट पाहिजे आणि त्या वाटेवर केव्हा काय येणार हे ठाऊक पाहिजे. अंतराळाचा कानोसा घेणाऱ्या शास्त्रज्ञालाही शेवटी मळणीयंत्रवाल्यासारखीच खात्री हवी आहे.

शहराची हद्द कुठे संपते ते नगर परिषदेचा फलक सांगतो. मला वाटतं, ती दर मोसमात बदलते. परवाचा फोन आठवतो. "गाडी जाते का?" असं पलीकडून विचारलं गेलं. इकडून उत्तर गेलं, "मधल्या ओढ्यापर्यंत या, तिथून डोक्यावर आणू." यार्ड, दवाखाना, कॉलेज, कचेरी, महामार्ग सगळं त्या ओढ्याच्या पलीकडे होतं. त्या दिवशी हिंगोली त्या ओढ्यापर्यंतच होती.