एकतिसाव्या वर्षी काय?

जयप्रकाश नारायण यांनी १९७५ च्या सुरुवातीला छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली, तेव्हा सदस्यत्वाला वयाची अट घातली. चौदा वर्षांखाली प्रवेश नाही आणि तिशी उलटली की सदस्यत्व संपलं. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये बिहारमधलं विद्यार्थी आंदोलन पेटलं होतं. ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जेपींनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली होती आणि मुलं कॉलेजं सोडून रस्त्यावर आली होती. अशा संघटनेत जुनी मंडळी ठाण मांडून बसू नयेत, नवी पोरं येत राहावीत, हा अटीचा उघड फायदा. पण तिच्यामुळे प्रत्येक सदस्यापुढे एक प्रश्न आपोआप उभा राहिला: एकतिसाव्या वर्षी काय?

आपल्या घरांमध्ये या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. ‘या वयात सगळेच असे असतात. लग्न होऊ दे, येईल ताळ्यावर.’ वडीलधारी माणसं हे मायेपोटीच बोलतात. पण ध्येयवाद हा वयाचा गुण आहे आणि वयाबरोबर तो ओसरणारच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मला ते मान्य नाही. वाहिनीतून बाहेर पडलेल्या काही माणसांची पुढची वाट पाहिली, तर वेगळंच दिसतं. ध्येयवादाला कामाची जागा लागते, अभ्यासाची शिस्त लागते आणि भाकरीची सोय लागते. या तीन गोष्टी मिळाल्या तर तो पन्नाशीतही ताजा राहतो. नाही मिळाल्या, तर पंचविशीतच करपतो.

आधी जागेबद्दल. बोधगयेच्या मठाकडे कमाल जमीनधारणेच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त जमीन होती. ती कसणारे बहुतेक मजूर भुईया या दलित जातीचे. १९७८ मध्ये वाहिनीने या मजुरांसोबत अहिंसक लढा सुरू केला. कसेल त्याची जमीन, हे सूत्र घेऊन तरुण कार्यकर्ते मजुरांच्या टोल्यांवर राहायला गेले. तिथे राहिल्यावर या सूत्रातली उणीव उघडी पडली. पेरणी, लावणी, कापणी बायकाही करत होत्या, मोर्च्यात त्या पुढे होत्या, पोलिसांचा मार त्यांनीही खाल्ला होता. मग पट्टा एकट्या पुरुषाच्या नावावर का? जमीन नवऱ्याच्या हाती गेली तर त्याची दारू आणि मारहाण दोन्ही वाढेल, हे बायका स्पष्ट बोलत होत्या. आधी चळवळीत यावर वाद झाला, मग सरकारी अधिकाऱ्यांशी. अखेर काही गावांत स्त्रियांच्या नावावर पट्टे निघाले. देशातल्या जमीन-चळवळींत हे फार मोलाचं पाऊल होतं.

शहरातल्या बैठकीत बसून हा मुद्दा सुचला असता का? मला शंका आहे. तत्त्व घेऊन गावात जाणं सोपं असतं. गावात राहून ते तत्त्व तपासू देणं अवघड. मुक्काम केल्याने ध्येय पातळ होत नाही, उलट ते अधिक नेमकं होतं.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. वाहिनीतच घडलेले मोहन हिराबाई हिरालाल पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाशी जोडले गेले. त्यांनी तिथे नेता होण्याचं कटाक्षाने टाळलं. गावात देवाजी तोफांसारखी माणसं होती आणि निर्णय गावाचाच होता. मेंढ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्या जाणकारानेही यावं, कायदा वाचावा, जंगल मोजावं, प्रश्न विचारावेत. निर्णय मात्र ग्रामसभा घेईल आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमागे अनेक वर्षांची ही बैठक होती.

म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनखात्याच्या हातात होता. गाव पुन्हा भांडलं. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. घोषणा, कायद्याचं कलम आणि परवान्याचं पुस्तक हे तिन्ही टप्पे ओलांडायला लागणारी चिकाटी निव्वळ संतापातून येत नाही. ती अभ्यासातून येते.

आता भाकरी. वाहिनीतल्याच चेतना गाला मुंबईच्या; त्या विजय सिन्हांशी लग्न करून माणदेशात म्हसवडला आल्या. रोज थोडी बचत करू पाहणाऱ्या गरीब बाईला कुणी बँक खातं देत नव्हतं. बायकांची सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक सभासदांमध्ये अंगठेबहाद्दर बायका होत्या, हे त्यामागचं कारण. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दुसऱ्याच्या भाकरीचा हिशेब मांडणं हेही क्रांतीचंच काम आहे, हे इथे दिसतं.

पण कार्यकर्त्याच्या स्वतःच्या भाकरीचं काय? इथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. काहींसाठी चळवळ ही निवड असते, काहींना ती जन्मानेच लागू होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी करणाऱ्या नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीला अन्याय शोधायला कुठल्या गावी जावं लागलं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, मराठवाड्यात दलितांची घरं जळाली आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ठरावाच्या वर्षी विशीत असलेला तरुण तोवर पस्तिशी ओलांडून गेला होता. त्याला तिशीत निवृत्त होण्याची मुभा नव्हती आणि घरी पोसणारंही कुणी नव्हतं.

आज पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली किती तरी मुलं घरातली पहिली पदवीधर आहेत. खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि गावाकडचं कर्ज डोक्यावर असताना त्यांना ‘समाजासाठी झोकून दे’ असं व्यासपीठावरून सांगणं अन्यायाचं आहे. त्यांना देशाची काळजी नाही, हेही खरं नाही. पाणी, शाळा, जात, शेतीचा भाव यांबद्दल त्यांच्याकडे जेवढं अनुभवाचं ज्ञान आहे, तेवढं फार थोड्यांकडे असेल. त्यांच्याकडे नाही ती सवड, आणि सवड ही पैशाने विकत घ्यावी लागते.

महाराष्ट्राने यावर एकदा फार चांगलं उत्तर दिलं होतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारखे रंगकर्मी आणि बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखे कार्यकर्ते एकत्र आले, ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव झाले आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. ही भीक नव्हती, बक्षीसही नव्हतं. जे काम आपण सगळ्यांनी करायचं होतं, ते कुणीतरी आपल्या वतीने करतं आहे, याची ती जाहीर पोचपावती होती. तिकीट काढणारा प्रेक्षकही त्या दिवशी चळवळीत सामील झाला.

त्या कल्पनेची आज पुन्हा गरज आहे, तालुक्या-तालुक्यात. पाच-दहा पगारदार कुटुंबांनी मिळून एका तरुणाचं दोन-तीन वर्षांचं मानधन उचलावं. त्याने एका ठिकाणी राहावं, एक प्रश्न मुळापासून अभ्यासावा आणि त्या ठिकाणच्या लोकांना उत्तरदायी असावं. त्या बदल्यात देणगीदारांनी हार-सत्कार मागू नयेत, दर महिन्याला यशाचा अहवालही मागू नये. मेंढ्यातलं काम दोन-तीन वर्षांत दाखवण्यासारखं नव्हतं. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल: लग्नानंतरही तिचं काम चालू राहील, हा शब्द दोन्ही घरांनी द्यावा. कित्येक चळवळींनी आपल्या हुशार कार्यकर्त्या इथेच गमावल्या आहेत.

तरुणांना मी एवढंच सांगेन: मोर्च्यात जरूर जा, पण परत आल्यावर त्या प्रश्नाचा कायदा वाचा आणि ज्यांचा तो प्रश्न आहे त्यांच्या ओसरीवर वर्षभर बसा. वडीलधाऱ्यांना मात्र जास्त सांगायचं आहे. पोरगं ताळ्यावर कधी येईल याची वाट पाहण्यापेक्षा, त्याच्या एकतिसाव्या वर्षाची तजवीज आजच करा. ध्येयवाद पेटवायला कुणी लागत नाही, तो प्रत्येक पिढीत आपणहून पेटतो. तो टिकवण्याचं काम मात्र आपलं आहे.