हौसेची जनावरे



वसईच्या वाडीवर अख्खे घर चालते, अशी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामात थोडीच उरली. सकाळची लोकल पकडून माणसे मुंबईला जातात, पगारावर घर चालते आणि घरामागे चार नारळ, दोन चिकू, राजेळी केळीची रांग, खुराड्यात पाच-सहा कोंबड्या, एखादी शेळी असते. कोणी विचारले तर आपण म्हणतो, "हौस म्हणून ठेवलंय." चांगली हौस आहे, मुले मातीत वाढतात. पण हौसेने पाळलेल्या जिवाचे आपण काही देणे लागतो का?

पूर्वी रहाटाला बैल होता. तो आजारी पडला तर बावखलातले पाणी वर येत नसे, केळी सुकत, घरात पैसा येत नसे. आपले वाडवडील सगळेच कनवाळू होते असे नाही. बैलाच्या पाठीवर वळही उठत असत. परंतु त्याची भूक ही घराची भूक होती आणि तेवढ्याने त्याचे थोडेफार रक्षण होई. आज पंपाचे बटण दाबले की पाणी येते. कोंबडीने अंडे दिले नाही तर कोणी उपाशी राहत नाही. आपल्याला तिची गरज उरलेली नाही. म्हणजे तिला सांभाळणारी एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी. म्हणून हौसेचे जनावर ही गरजेच्या जनावरापेक्षा जड जबाबदारी आहे, असे आम्हांला वाटते.

बाजारात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकायला येतात. मूल हट्ट धरते, आपण घेऊन देतो. त्यांतली बरीचशी चार-आठ दिवसांत खोक्यातच मरतात. मग आपण मुलाला समजावतो, "रडू नकोस, दुसरं आणू." जीव संपला की दुसरा विकत मिळतो, हा धडा मूल त्या दिवशी शिकते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तो पुसून काढणे कठीण.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करायला कॅटेकिझमची हरकत नाही. मात्र विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, असे तो सांगतो. माणसांवर करायचे प्रेम जनावरांवर उधळू नये, हेही तिथेच आहे. (कुत्र्याचा डॉक्टर वेळेवर आणि आजीचा चष्मा पुढच्या महिन्यात, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.)

खरी कसोटी नाताळला लागते. मुलांनी नाव ठेवलेला, हाताने दाणे भरवलेला कोंबडा कापायचा असतो. शाळेतून आल्यावर मूल विचारते, "तो कुठे गेला?" आणि आईवडील सांगतात, "उडून गेला." आमच्या मते कोंबडा कापण्यापेक्षा हे खोटे बोलणे वाईट. दुकानातून आणलेल्या कोंबडीतही तोच जीव होता, फक्त तिला नाव नव्हते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे. गोष्ट मेंढीची नव्हती, राजाच्या पापाची होती. तरीही राजाला चीड आली, कारण अशी माया असते हे त्या मेंढपाळ राजाला ठाऊक होते. मुलाच्या डोळ्यांतले पाणी तेच आहे. त्याला खरे सांगावे. सुरी धारदार असावी, बाकीच्या कोंबड्यांसमोर कापू नये, शिजवलेले वाया जाऊ देऊ नये. आणि मुलाने त्या दिवशी ताट बाजूला सारले, तर त्याला बळेच भरवू नये, त्याची चेष्टा तर मुळीच करू नये.

झाडे त्या मानाने सोशिक. लेवीयच्या पुस्तकात नव्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाला वाहायचे आणि पाचव्या वर्षी आपण खायचे, असा नियम आहे. चिकू थांबतो, शेळी थांबत नाही. शब्बाथ दिवशीही तुम्ही बैल-गाढव सोडून पाण्यावर नेताच ना, असे प्रभू येशूने सभास्थानात विचारले होते. तेव्हा रविवारच्या पहिल्या मिस्सेला निघण्याआधी खुराड्यातले पाणी बदलायला कोणाला उशीर झाला, तर त्याच्याकडे वळून पाहू नये. मे महिन्याची सुट्टी जवळ आली आहे. तिकिटे काढलेल्यांनी शेजारच्या घरी जाऊन आताच विचारून ठेवावे, आणि परतल्यावर त्यांची वाडीही तितकेच दिवस सांभाळावी.