गोडीच्या वाटेनं नित्यकर्माकडे

रात्री एक वाजेपर्यंत तेलुगू शिकत बसलेला माणूस दात न घासताच झोपतो, हे घरातल्यांच्या गळी उतरत नाही. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशी दोन सर्वनामं आहेत. पहिल्यात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात धरलेला. म्हणजे हे तर आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपण’! हिंदीत हा भेद नाही, तो इथे दक्षिणेच्या शेजारणीकडे जसाच्या तसा सापडतो, आणि मग तासभर तो माणूस जागचा हलत नाही. बेसिन दहा पावलांवर असतं. उठायचं, ब्रशवर पेस्ट घ्यायची, दोन मिनिटं उभं राहायचं. एवढंही होत नाही. ‘आवडीचं तेवढं बरं जमतं!’ हे वाक्य एडीएचडी (लक्ष आणि वागणं ताब्यात ठेवणं अवघड जाण्याची स्थिती) असलेली माणसं लहानपणापासून ऐकत आलेली असतात. वाक्य घरगुती आहे, पण त्याच्या पोटात नीतीचा एक मोठा सिद्धान्त आहे: लक्ष इच्छेच्या हुकमतीत असतं, म्हणून लक्ष न लागणं हा इच्छेचा, म्हणजेच चारित्र्याचा दोष. हा सिद्धान्त चूक आहे, आणि तो चूक ठरवायला आपल्याच परंपरेत पुरेसं बळ आहे, असं मला वाटतं.

वैद्यकाची सुरुवातही याच भाषेत झाली. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा काही मुलांविषयी व्याख्यानं दिली, ज्यांची बुद्धी शाबूत होती पण वागण्यावर ताबा राहत नव्हता. त्यानं याला नैतिक नियंत्रणातली उणीव म्हटलं. मात्र दोष संगोपनाचा नसून शरीरात काही असावं, अशी शंकाही त्यानंच घेतली होती. आज निदान करताना लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, एकाहून अधिक ठिकाणी दिसतात का आणि त्यांनी जगणं खरोखर अडतं का, हे पाहतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून या स्थितीची आनुवंशिकता सुमारे 70 ते 80 टक्के दिसते. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञानं नेमकं बोट ठेवलं: अडचण काय करावं हे कळण्यात नाही, कळलेलं वेळेवर हातून घडण्यात आहे. म्हणून अशा माणसाला दात घासण्याचे फायदे सांगणं व्यर्थ. ते त्याला पाठ असतात. त्याच्यापाशी लक्ष कमी नसतं, त्याचा लगाम हाती नसतो. नवं, रसाळ, लगेच फळ देणारं काही दिसलं की ते आपोआप धावतं; ‘पुढे कधीतरी’च्या फळाकडे वळत नाही. तेव्हा तेलुगूचा तो तास हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नाहीच. न घासलेले दात आणि तो तास, दोन्ही एकाच स्वभावातून आलेले आहेत.

मीमांसकांनी केलेला कर्मांचा भेद इथे फार उपयोगी पडतो. काम्यकर्म फळासाठी करायचं. नित्यकर्माचं सर्वसाधारणपणे असं सांगतात, की ते केल्यानं वेगळं फळ नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. आंघोळ, वेळेवर जेवण, गोळी घेणं, दात घासणं ही शरीराची नित्यकर्मं. दात घासले म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. नाही घासले तर कीड लागते, आणि किडीला निदानाचा कागद दाखवून भागत नाही. फळ दिसल्याशिवाय ज्याचं चित्त हलत नाही, त्याला नेमकं हेच अवघड जाणार. पण परंपरेनं नित्यकर्म एकट्याच्या निर्धारावर कुठे सोडलं होतं? संध्येला सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ, ठरलेलं आसन, समोर पळी-पंचपात्र, एकामागून एक येणाऱ्या ठरीव क्रिया. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, पंधरा दिवसांनी एकादशी, हरिपाठ सगळ्यांनी मिळून, वारीत दिंडीचा क्रम लागलेला. आठवण गळ्यात बांधलेली, चालायला माणसं सोबत. मग गजर लावणं, ब्रश पुस्तकाशेजारी ठेवणं, कुणालातरी सोबत उभं राहायला सांगणं याला ‘कुबड्या’ म्हणून हिणवायचं कशाला?

यावर गंभीर आक्षेप असा, की मन सगळ्यांचंच चंचल असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानं हीच तक्रार केली आणि त्याला अभ्यास व वैराग्य हा उपाय मिळाला. मग या माणसांना वेगळी सवलत का? दमा नसलेल्यालाही जिना चढताना धाप लागते, पण तेवढ्यानं दम्याचं निराळेपण संपत नाही. शिवाय पतंजलींनी योगातले अडथळे मोजताना आजार, चित्ताची जडता, बेफिकिरी, आळस आणि मिळालेल्या अवस्थेत टिकता न येणं ही वेगवेगळी नावं घेतली आहेत. त्यांना एडीएचडी ठाऊक होता असं माझं म्हणणं नाही. पण सगळं ‘आळस’ या एका पोत्यात भरण्याची घाई त्यांनी केली नाही, ती आपण करतो. आणि अर्जुनाच्या त्याच प्रश्नावर ज्ञानेश्वरांनी, शके 1212 मध्ये, जे म्हटलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं: या मनाची एक गोष्ट चांगली आहे, ते एकदा चाखलेल्या गोडीच्या ठिकाणी सोकावतं, म्हणून त्याला कौतुकानं सुख दाखवत जावं. ज्या खोडीबद्दल आपण मुलाला रागावतो, तिलाच त्यांनी हात धरायची जागा मानलं.

ज्ञानेश्वरांना आत्मानुभवाचं सुख अभिप्रेत होतं, तेलुगू सर्वनामांचं नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. भाषेची गोडी मोक्षाला नेत नाही. अनेकदा ती दुसऱ्या महिन्यापर्यंतही टिकत नाही, तेलुगू अर्धी टाकून तमिळ सुरू होते. पण मनाच्या स्वभावाविषयीचं निरीक्षण वरच्या पायरीवर खरं आणि खालच्या पायरीवर खोटं, असं कसं होईल? जबाबदारीही यातून सुटत नाही, तिची जागा बदलते. ‘मला आतून वाटलं पाहिजे’ याची जबाबदारी कुणावर टाकता येत नाही. धडा फक्त ब्रश हातात असतानाच ऐकायचा हे ठरवणं, औषध सुचवलं असेल तर त्याची वेळ पाळणं, मदत मागणं ही मात्र त्याची स्वतःचीच कामं आहेत. मदत मागायला चारचौघांत कमीपणा वाटतो, म्हणून हे शेवटचं सर्वांत जड.

घरातल्यांच्या वाट्याचं काम त्या मानानं थोडं आहे. रात्री साडेदहाला स्वतःचा ब्रश हातात घेऊन दारात उभं राहायचं आणि ‘तू दात घास’ न म्हणता ‘चल, आपण दात घासून घेऊ’ म्हणायचं. ‘मेमु’ नव्हे, ‘मनमु’.