रंगाचे सोवळे

सोवळे आपल्या घरांतून हद्दपार झाले असे आपण म्हणतो. मला ते पुरतेपणी पटत नाही. ओलेत्याने स्वयंपाक करण्याचे दिवस गेले, वळणीवरची धाबळी गेली, हे खरे. परंतु वस्तूंची शुद्ध आणि अशुद्ध अशी विभागणी करावी, आणि शुद्ध वस्तूला हात लावल्याने आपणही शुद्ध झालो असे मानावे, ही माणसाची जुनी हौस काही गेलेली नाही. ती स्वयंपाकघरातून उठून दुकानात जाऊन बसली आहे, इतकेच. तेथे तिचे नाव ‘नैसर्गिक’. साबण नैसर्गिक, गूळ नैसर्गिक, आणि उटणे तर दिवाळीच्या चार दिवसांपुरते का होईना, नैसर्गिकच हवे.

यंदा दसऱ्यानंतर माझ्या पुतणीने आपले पांढरे कॅनव्हासचे बूट घरीच रंगविले. आज ज्यांना स्नीकर्स म्हणतात ते. आम्ही असले बूट कवायतीला घालत असू, आणि त्यांचा पांढरेपणा राखण्यासाठी शाळेच्या फाटकाबाहेर खडू फाशीत असू. या पिढीला तोच पांढरेपणा घालविण्यासाठी तीन दिवस खपावे लागते! पण ते असो. पोरगी खरोखरच खपली. आधी कापडावरची खळ धुण्याच्या सोड्याने काढली. सुती कापड लोकर-रेशमासारखे रंगाला चटकन वश होत नाही, म्हणून त्याला प्रथम हिरड्याचा काढा पाजला, मग तुरटीचे पाणी. डाळिंबाच्या साली उकळून रंग केला. बूट काही पातेल्यात घालून उकळता येत नाहीत. तळवा चिकटवलेला असतो, तो सुटायचा. तेव्हा रबरी कडेला चिकटपट्टी लावून, कोमट रंगाचा कुंचल्याने एक हात द्यायचा, वाळवायचे, पुन्हा दुसरा हात, असे चालले. टाचेकडे तिने गंजलेल्या खिळ्यांचे पाणी फिरविले, तसा तो पिवळा रंग पाहता पाहता काळपट हिरवा झाला. हळद मात्र तिने वापरली नाही, हे शहाणपणाचे. सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात घातला की उडून जातो, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते.

बूट वाळत ठेवताना ती म्हणाली, “काका, बघा, या रंगात कुणाचंही पाप नाही.”

वाक्य गोड आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे जरा रोखून पाहावेसे वाटते. निळीइतका नैसर्गिक रंग दुसरा कोणता? झाडाचा पाला पाण्यात आंबवायचा, ते पाणी घुसळायचे, तळाशी बसलेला गाळ वाळवून वड्या पाडायच्या. त्यात प्रयोगशाळेचा एक थेंब नाही. आणि याच रंगाने बिहारमधील चंपारण्याच्या शेतकऱ्याला पिळून काढले. तीनकठिया नावाची तेथे पद्धत होती. बिघ्याचे कठ्ठे २०. त्यांतल्या ३ कठ्ठ्यांत कुळाने गोऱ्या मळेवाल्यासाठी नीळ पेरलीच पाहिजे. १८९७ साली जर्मनीहून कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. भोळ्या माणसाला वाटेल की, आता तरी कूळ सुटले. पण मळेवाल्यांनी त्या सुटकेचीच किंमत मागितली! नीळ पेरायची नाही ना? मग कोठे वाढीव खंड भर, कोठे ‘तावान’ म्हणून रोख भरपाई दे. १९१७ साली गांधीजी तेथे गेले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. यात रंगाच्या शुद्धतेचा कोठे काही संबंध आला काय? पहिल्या दिवशी ती नीळ जितकी नैसर्गिक होती, तितकीच शेवटच्या दिवशीही होती.

यावरून कृत्रिम रंग निर्दोष असे कोणी अनुमान काढील, तर त्याने तमिळनाडूतील तिरुपूरच्या नोय्यल नदीची कथा ऐकावी. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचे पाणी त्या नदीत इतके उतरले की, २०११ साली सांडपाण्याची अट न पाळणारे कारखाने बंद करण्याचा हुकूम मद्रास उच्च न्यायालयाला द्यावा लागला. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याने तो रंग कधी अंगावर घातलाही नसेल.

रंग पानातून निघाला की डांबरातून, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. तो कोणाच्या मर्जीने निघाला, कोणाच्या सक्तीने, आणि त्याचे सांडलेले पाणी कोणाच्या दारात गेले, हा नीतीचा. सोवळ्याची गोम अशी की, ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसऱ्यातून आपली सुटका करून घेते. पुतणीचा रंग या दुसऱ्या परीक्षेलाही उतरतो, हे मी मोकळ्या मनाने कबूल करीन. हात तिचे, हौस तिची. मोरीत ओतलेले तुरटीचे पाणी तांब्याभर. तीन दिवस पाठ मोडून रंगविणे हे कष्टच, पण तिला ते चौथ्या दिवशी सोडून देता येत होते. चंपारण्याच्या कुळाला तेवढेच येत नव्हते.

परंतु ती म्हणाली रंगाबद्दल, आणि पायात जातात ते बूट. रंग पुरा वाळल्यावर असे दिसले की, शिवणीचा दोरा पांढराच राहिला आहे. तो पॉलिएस्टरचा, हिरडा-तुरटीची मात्रा त्याच्यावर चालत नाही. पांढऱ्या कापडावर ही पांढरी शिवण इतके दिवस कोणाच्या नजरेत भरली नव्हती. आता पिवळ्यावर तिचा टाका न् टाका मोजता येतो. बंदांच्या भोकांभोवती ती दुहेरी आहे, नाकाकडे वळताना किंचित आखडली आहे, आणि डाव्या बुटाच्या टाचेशी यंत्र थांबून पुन्हा एकदा त्याच जागेवरून फिरल्याची खूण आहे. ते यंत्र चालविणाऱ्या हाताला दिवसाचे काय मिळाले, हे डाळिंबाच्या सालीला विचारून कळण्याजोगे नाही.

ते टाके मार्करने भरून टाकावेत असे पुतणीच्या मनात होते. मार्कर आणूनही झाला आहे. तूर्त तो टेबलावर पडून आहे, आणि बूट घालण्यापूर्वी ती टाचेवरची ती जागा एकदा अंगठ्याने चाचपून पाहते.