आम्ही नाही का केलं?

वॉर्डातल्या कुणी नोकरी सोडायचा विषय काढला, की माझ्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं, ‘आम्ही नाही का केलं?’ मी परिसेविका, महिन्याची ड्यूटी लिस्ट माझ्या हातात. त्यामुळे उलटून कुणी बोलत नाही.

केलं, पण कुणाच्या जिवावर? मी नाइटला गेले की पोरी सासूबाईंकडे. सकाळचं दूध, वेण्या, शाळेचा डबा, सगळं त्याच बघायच्या. क्वार्टर रुग्णालयाच्या आवारात. नोकरी १९९६ ची, म्हणजे जुनी पेन्शन; नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही, आणि कंत्राटी मुलींना पुढच्या ऑर्डरचीच खात्री नसते. मी टिकले त्यात निष्ठा किती नि पेन्शन किती, हे तोलायला बसलं तर निष्ठेचं पारडं फारसं जड होत नाही. सासूबाईंना तर मी त्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

राजीनाम्यात सगळ्याजणी ‘घरगुती अडचणीमुळे’ असंच लिहितात. मला ते सोयीचं पडतं. अडचण घरची, म्हणजे वॉर्डाचा संबंध संपला! वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि वर ३० टक्के रजा राखीव, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आमच्याकडे रात्री चाळीस खाटांना एक. राखीव कुणी नसल्यावर एकीच्या लेकराचा ताप म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी. ती मी बहुतेकदा बिनलग्नाच्या मुलींना लावते. त्यांतल्या एकीचे वडील डायलिसिसवर आहेत. तिच्यामागे घर नाही, हे मी कशावरून ठरवलं?

बालसंगोपन रजा १८० दिवसांची आहे. अर्ज आला की मी ‘मनुष्यबळ अपुरे’ असा शेरा मारते, आणि तो खोटा नसतो. पण परवा एकीने मुलाच्या दहावीसाठी मार्चमध्ये रजा मागितली, तेव्हा स्टाफ मोजायच्या आधीच माझ्या मनात नकार तयार होता. ही रजा २०१८ साली आली तोवर माझी धाकटी अठरा ओलांडून गेली होती. तिच्या दहावीच्या मार्चमध्ये मी नाइटला होते. नकार तिथून आला.

अर्ज ड्रॉवरमध्ये पडून आहे. तिच्या जागी कोण, हे मला खरंच ठाऊक नाही. आणि जादा माणूस मागणारं पत्रही वर्षभरात मी मेट्रनबाईंना लिहिलेलं नाही.