तंटा मिटेपर्यंत मूल कोठे बसेल?

बेघर मुलाच्या शाळाप्रवेशावरून वाद उद्भवला की आपण प्रथम विचारतो, न्याय कोणाच्या बाजूने आहे? त्याआधी विचारावयास हवा असा प्रश्न मात्र निराळाच आहे: निर्णय लागेपर्यंत ते मूल कोठे बसेल?

१९८७ साली अमेरिकेत झालेला आणि पुढे मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला गेलेला कायदा आज याचे स्पष्ट उत्तर देतो. मूल आश्रयगृहात राहो, मोटारीत झोपो किंवा नाइलाजाने नातलगांकडे दाटीवाटीने राहो. वाद उपस्थित होताच शाळेने आपला निर्णय पालकांना लेखी कळवावा आणि शेवटचे अपील निकालात निघेपर्यंत मुलाला मागितलेल्या शाळेत तत्काळ बसू द्यावे.

शाळेची बाजूही क्षुल्लक नाही. वर्ग भरलेले असतात, खोटे पत्ते देणारे भेटतात, इतर मुलांवर अन्याय होऊ नये हेही खरे. परंतु दोन्ही चुका तोलून पाहू. चुकून घेतलेले मूल निवाड्यानंतर दुसऱ्या शाळेत जाऊ शकते. चुकून बाहेर ठेवलेल्या मुलाचे वाया गेलेले महिने कोणताही निवाडा परत देऊ शकत नाही. शंकेचा भार ज्याला पेलवेल त्याने वाहावा, हा आमच्या मते न्याय आहे, उपकार नव्हे.

आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू देत नाही. तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यावा, असेही तो सांगतो. पण त्या तीन महिन्यांत मूल कोठे असावे, हे तक्रारीच्या कलमात लिहिलेले नाही. शिवाय २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली. परंतु आपल्या धर्मग्रामांतील शाळांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट का पाहावी? ही मोकळीक मिळाली ती आपली ओळख जपण्यासाठी. वीटभट्टीवरच्या किंवा पदपथावरच्या मुलाला दारातून परतविण्यासाठी नव्हे. मूल आधी वर्गात घ्यावे, कागद मागाहून जमवावेत, एवढा नियम आपण आपल्यापुरता तरी करू शकतो.

ज्या कुटुंबाला आपण पवित्र म्हणतो, तेही एकदा रातोरात मिसर देशी निघाले होते. ते आज शाळेच्या दाराशी आले, तर आपण आधी काय विचारू: राहण्याचा पुरावा, की बाळाचे नाव?